किल्ली कुठं ठेवलीय?

आमच्या घराण्यात कागद टाकून द्यायची पद्धत नाही. भाऊबंदांशी आम्ही बोलणं टाकलं, एकमेकांच्या आवारातल्या पायवाटा टाकल्या, एका विहिरीचं पाणीही तीन वर्षं टाकलं होतं. पण कागद टाकला नाही. रत्नागिरीच्या माणसाला कागदाचं महत्त्व सांगावं लागत नाही. कधी कुठला दावा निघेल आणि कुठली पावती उपयोगी पडेल, हे देवालासुद्धा ठाऊक नसतं. म्हणून आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात तळाला पणजोबांच्या वेळचे मोडी कागद, त्यावर आजोबांच्या काळातली छापील पत्रकं, त्यावर आंब्याच्या पेट्यांच्या पावत्या, त्यावर लग्नपत्रिका आणि सगळ्यांत वर विजेची बिलं, असे थर आहेत. उत्खनन करणाऱ्याला दुसरीकडे जायची गरज नाही.

ह्या ट्रंकेत १९९८ साली एका निळ्या चपट्या वस्तूची भर पडली. ती म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची, फ्लॉपी.

दादा शाळामास्तर. मराठी शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत हातात घेतला. कोकणातल्या पुष्कळ घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले आहेत. आमचाही एक जुना आहे. त्यात प्रत्येक पुरुषाचं शिक्षण, नोकरी, पगार, ह्याची तपशीलवार नोंद आहे आणि शेवटी, ‘मुली ३’. दादा ते वाचून भडकला. म्हणाला, “मुली तीन म्हणजे काय? आंब्याच्या पेट्या आहेत?” आणि मग हा सत्तरीला टेकलेला माणूस एस.टी.नं लांजा, राजापूर, देवरुख, चिपळूण करत हिंडला. जिथं जिथं घराण्यातली एखादी म्हातारी शिल्लक होती तिथं जाऊन, ओटीवर बसून, चहा पिऊन, त्यानं मुलींची आणि सुनांची नावं गोळा केली. माहेरची नावं, सासरची नावं, कोण बाळंतपणात गेली, कोण सोवळी होऊन परत आली. त्या म्हाताऱ्या आता एकही उरलेल्या नाहीत.

हे सगळं त्यानं कॉम्प्युटरच्या एका क्लासात जाऊन, एका बोटानं टाइप केलं. क्लासच्या मास्तरांनी जागा वाचावी म्हणून ते साध्या मजकुराची फाइल करून फ्लॉपीत घालून दिलं. हस्तलिखित वह्या २००५ सालच्या पावसात गेल्या. (माळ्यावरच्या कौलानं नेमकी त्याच ट्रंकेशेजारची जागा निवडली.) दादा त्याच्या आदल्या वर्षीच गेला होता. फ्लॉपीचं पुढं कुणीतरी सीडीत आणि सीडीचं पेनड्राइव्हमध्ये स्थलांतर केलं, एवढं मात्र शहाणपण आमच्या हातून झालं.

परवा मे महिन्यात कुलसंमेलन ठरलं. ‘दादांचं काम आता छापू या,’ असा ठराव झाला आणि ज्याला काही काम नाही त्याच्यावर, म्हणजे माझ्यावर, ते सोपवण्यात आलं. मी तीस वर्षं एका सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होतो. त्यामुळं मला ‘टायपिंगमधलं सगळं कळतं’ असा समज आहे. तो मी कधी खोडला नाही, ही माझी चूक.

मी आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर एक भारदस्त प्रस्तावना लिहिली आणि पुण्याहून सुट्टीला आलेल्या दादाच्या नातीला दाखवली. तिनं ती फाइल आपल्या लॅपटॉपवर उघडली. पहिलाच शब्द ‘रत्नागिरी’. पडद्यावर जे उमटलं ते पाहून मला घेरी आली. इंग्रजी ए, त्याच्या डोक्यावर तिरकी काडी. पुढं एक चार पायांचं वर्तुळ. पुढं तपमान लिहिताना काढतात ते अंशाचं चिन्ह. मी म्हटलं, “हे काय, रत्नागिरीचा पारा दाखवतोय?”

“आजोबा, तो र आहे,” ती म्हणाली.

मग तिनं मला एकेक अक्षर दाखवलं. त्या ओळीत कान्याच्या जागी पाऊण छापलं होतं. पहिल्या वेलांटीच्या जागी उलटं प्रश्नचिन्ह होतं. आणि शेवटची दुसरी वेलांटी पाहिली तर जपानचा येन आणि युरोपचा युरो शेजारी शेजारी! आयुष्यभर लाखो दीर्घ वेलांट्या मी सरकारी पगारात, जवळजवळ फुकट मारल्या, हे तेव्हा ध्यानात आलं.

नातीनं कुठंतरी एक बटण दाबलं आणि सगळं पुन्हा स्वच्छ मराठीत आलं. मी म्हटलं, “दुरुस्त झालं?” ती म्हणाली, “बिघडलंच नव्हतं. एडिटरला वाटलं हा युरोपातला मजकूर आहे. मी त्याला सांगितलं, तसा वाचू नकोस, असा वाच.”

हे मला फार पटलं. आमच्या हिचंही माझ्याबद्दल असंच होतं. मी बोलतो एक आणि ती वाचते दुसरं, मजकूर तोच.

नातीनं मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. १९६३ साली अमेरिकेत एक चाळ बांधली, तिचं नाव आस्की. खोल्या १२८. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम वगैरे मंडळी राहायला आली आणि चाळ भरली. बाकीच्या जगानं राहायचं कुठं, हा प्रश्न बांधणाऱ्यांना पडला नाही. पुढं शेजारी आणखी १२८ खोल्या काढल्या. त्या युरोपातल्या काडीवाल्या, टोपीवाल्या अक्षरांनी भरल्या. येन, पाऊण, उलटं प्रश्नचिन्ह ही तिथली बिऱ्हाडं.

मग मराठीचं काय? कानपूरच्या आय.आय.टी.त आणि पुढं १९८८ साली पुण्यात निघालेल्या सी-डॅकमध्ये ह्यावर मोठं काम झालं. भारतीय भाषांसाठी इस्की नावाची एक जुळणी ठरली आणि १९९१ साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. सगळ्या भारतीय लिप्यांचा क ख ग घ मुळात एकच, तेव्हा त्यांना नंबरही एकच द्यायचे, अशी तिची सुरेख कल्पना होती. पण बाजार मानकाची वाट पाहत नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्याला उद्या सकाळी पत्रिका हवी असते. त्यानं सोपी युक्ती केली. चाळीतले भाडेकरू तेच ठेवले, फक्त दारावरच्या पाट्या बदलल्या. आत राहतो इंग्रजी के, बाहेर पाटी ‘क’. आत टक्क्याचं चिन्ह, बाहेर पाटी ‘अर्धा त’. ह्या पाट्यांच्या संचाला म्हणतात फाँट. संच असेपर्यंत पडद्यावर झकास मराठी दिसतं. संच हरवला की पाट्या गळून पडतात आणि आतली मूळ माणसं बाहेर येऊन उभी राहतात.

आणि गंमत म्हणजे प्रत्येक फाँटवाल्यानं पाट्या आपल्या मनानं लावल्या होत्या. एकाचा क तो दुसऱ्याचा ठ. पुण्याला पाठवलेलं पत्र पुण्यात उघडेना आणि मुंबईची जाहिरात रत्नागिरीत वाचता येईना, असं सगळं दशकभर चाललं. मजकुराबरोबर फाँटही पाठवायचा, म्हणजे पत्राबरोबर चष्मा पाठवण्यासारखं.

आता तुम्ही ओळखलं असेलच. दादाची फाइल ह्या काळातली.

नातीनं ती उघडली. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, टक्के, कंस आणि आकडे सांडले होते. एकशेचाळीस पानं. ह्या वेळी ती जरा गप्प झाली. तिनं बरीच बटणं दाबून पाहिली. मग म्हणाली, “तुमची फाइल उघडताना किल्ली चुकली होती. इथं किल्लीच नाही. साध्या मजकुराच्या फाइलीत फाँटचं नाव राहत नाही. कुठला होता कुणाला आठवतंय का?”

क्लास केव्हाच बंद पडलेला. त्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. नातीनं इंटरनेटवरून जुन्या फाँटांची रूपांतरं करणारी पाचसहा साधनं लावून पाहिली. त्यांतून जे निघालं ते मराठी नव्हतं एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी माळ्यावर जाऊन ट्रंक उघडली. मला वाटलं होतं, हा प्रकार कॉम्प्युटरनं आणला. पण तळाचे मोडी कागद हातात घेतले आणि ध्यानात आलं, की आमच्या घरात हे पूर्वीच एकदा होऊन गेलंय. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता अक्षरं तिला टांगत जायची, शब्दाशब्दांत अंतर सोडायचं नाही, ह्रस्वदीर्घाची फिकीर करायची नाही, अशी ही मोडी. कारकुनाच्या हाताला वेग देणारी लिपी. ती छापखान्याला मात्र सोसेना. मुंबई सरकारनं १९१७ साली कामकाजाला मोडीऐवजी बाळबोध धरायचं ठरवलं. त्यानंतरही काही दशकं शाळांत मोडी शिकवत, मग तेही थांबलं. आजोबा मोडी लिहीत. वडील वाचत. दादा अडखळत वाचे. मी फक्त ‘श्री’ ओळखतो, तोही वर मधोमध काढलेला असतो म्हणून. चार पिढ्यांत एका घरातले लोक आपल्याच घरातल्या कागदापुढे निरक्षर झाले. कागदाला काही झालं नव्हतं. वाळवीसुद्धा लागली नव्हती.

मधल्या थरात आजोबांनी जपलेलं एक पत्रक निघालं. त्यात ‘इतिहास’ हा शब्द ‘अितिहास’ असा छापला होता आणि ‘उद्या’ हा ‘अुद्या’ असा. लहानपणी आम्ही हे मुद्रणदोष समजून हसत असू. वास्तविक तो रत्नागिरीचाच एक उद्योग होता. सावरकर १९२४ ते १९३७ इथं स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी भाषाशुद्धीबरोबर लिपिशुद्धीचीही चळवळ चालवली. इंग्रजी छापायला थोडे खिळे पुरतात, मराठीला काही शे लागतात, तर ते कमी करा. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं कशाला? अ घ्या आणि त्यालाच वेलांट्या-उकार लावा. म्हणजे कंपॉझिटरचे हात आणि टंकयंत्राच्या खुंट्या वाचतील. खिळ्यांची ही कटकट टिळकांनाही जाचली होती आणि टिळकांचं जन्मघर तर आमच्या गावातल्या टिळक आळीतलंच. म्हणजे आळीआळीतून मोठी माणसं मराठी अक्षरांची संख्या कमी करण्याच्या मागं लागलेली. त्यांना कुठं ठाऊक, की एक दिवस खिळेच जातील आणि अक्षरांना जागा कमी पडणार नाही! ती अ-ची बाराखडी काही वर्षं चालली आणि राहिली. पण आज ‘इतिहास’ शोधायला सांगितलं, तर कॉम्प्युटरला ‘अितिहास’ सापडत नाही. त्याच्या लेखी हे दोन निराळे शब्द आहेत. इतिहासाला असा चुकवायला तो एकटाच काही पहिला नव्हे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातीला घेऊन मी थिबा राजवाड्याकडं फिरायला गेलो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ साली त्याला पदच्युत केलं आणि १८८६ पासून रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा पुरा झाला १९१० साली आणि १९१६ साली राजा वारला. तीस वर्षं इथं राहिला आणि इथल्याच मातीत त्याची समाधी आहे. मी नातीला म्हटलं, “बिचाऱ्याला इथं आपली गोल गोल अक्षरं वाचणारं घरच्यांखेरीज कोण भेटलं असेल?”

ती म्हणाली, “त्याच्या देशातही आपल्यासारखंच झालं होतं, आजोबा.” मग तिनं सांगितलं, की तिकडं झॉजी नावाचा एक फाँट इतका पसरला, की सगळ्या देशाच्या मोबाइलमध्ये तोच. तो युनिकोडचेच नंबर वापरायचा पण आपल्या मनानं. त्यामुळं एकाच भाषेतली दोन माणसं एकमेकांचे निरोप वाचू शकेनात. अखेर सरकारनं १ ऑक्टोबर २०१९ ही तारीख धरून सबंध देशाला युनिकोडवर यायला सांगितलं. मी मनात म्हटलं, आम्हांला आमचंच अवघड वाटत होतं. इथं एका देशाला मुहूर्त काढावा लागला.

“हा युनिकोड म्हणजे कोण?” मी विचारलं. समुद्राकडं पाहत बसलो होतो, ऐकायला वेळ होता.

युनिकोड म्हणजे, नातीच्या बोलण्यावरून मला समजलं ते असं, अक्षरांचा सातबारा. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला कायमचा सर्व्हे नंबर. पहिली मोजणी १९९१ साली जाहीर झाली. देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ नंबरांचा तुकडा मिळाला. त्याची आखणी आपल्या इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतली. र चा नंबर २३५२, ळ चा २३५५. जमीन मात्र सामाईक. मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोकणी सगळे त्याच तुकड्यात. आणि सामाईक जमीन म्हटली की कोकणी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

उदाहरणार्थ, रत्नागिरीला दर्याही आहे आणि दऱ्याही आहेत. उच्चार वेगळा, लिहिणं वेगळं. दऱ्यांमधला तो पापणीसारखा अर्धा र मराठीचा जीव की प्राण. त्याला स्वतंत्र जागा नाही. दाक्षिणात्य भाषांतला एक र नागरीत लिहिता यावा म्हणून जे नुक्त्याचं ‘ऱ’ ठेवलं आहे, त्याच्याकडं आपला हा पापणीर पोटभाडेकरू म्हणून राहतो. ‘बॅट’मधला आवाज शब्दाच्या आरंभी आला की लागतो तो ‘ॲ’. त्याला जागा मिळाली २००८ साली. तोपर्यंत ॲटमबाँब, ॲडमिशन आणि ॲसिडिटी सगळी निराश्रित. आणि आमच्या ट्रंकेतल्या मोडीला? २०१४ साली मोडीचाही स्वतंत्र तुकडा नोंदला गेला. सरकारी कागदांतून उठल्यावर सत्त्याण्णव वर्षांनी सातबाऱ्यावर नाव लागलं. कोकणातल्या दाव्यांच्या मानानं हे लवकरच म्हणायचं.

“मग माझ्या प्रस्तावनेत येन आणि युरो कुठून आले?” मी विचारलं.

त्याचीही एक कथा आहे. नंबर दिले, पण ते फाइलीत लिहायचे कसे? १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक ह्या दोघांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावर ताटाखाली घालायच्या कागदावर, त्याची रीत काढली. (आमच्याकडं पंगतीत पत्रावळीवर फक्त वाटणीचे हिशेब होतात.) त्या रीतीत इंग्रजी अक्षर एका घरात मावतं, देवनागरी अक्षराला तीन घरं लागतात. नातीनं वाळूवर बोटानं लिहून दाखवलं. इंग्रजीत ‘रत्नागिरी’ची अक्षरं नऊ, घरं नऊ. मराठीत र, त, पाय मोडायची खूण, न, काना, ग, वेलांटी, र, वेलांटी, हीही नऊच. पण घरं सत्तावीस. एडिटरनं ही सत्तावीस घरं तीन-तीनची जोडून न वाचता सुटी सुटी वाचली, की येन आणि युरो दिसतात. मोबाइलच्या साध्या निरोपातही इंग्रजीत १६० अक्षरं जातात आणि मराठीत ७०, ते नंबर मोठे म्हणूनच. ‘सुखरूप पोचलो’ एवढं लिहायला मराठी माणूस पूर्वीपासूनच पोस्टकार्ड भरून मजकूर घालतो. त्याला हे सत्तर कसे पुरणार?

वाळूवरची ती रत्नागिरी पाहता पाहता मला एक गोष्ट सुचली. म्हटलं, “दादाच्या फाइलीत प्रत्येक नोंदीत ‘जन्म रत्नागिरी’ असणार. निम्मं घराणं इथंच जन्मलंय. सगळ्यांत जास्त वेळा येणारा लांब शब्द शोध.”

ती टुणकन उठली. घरी येऊन तिनं शोध लावला. नऊ खुणांचा शब्द, पहिली आणि आठवी खूण सारखी, कारण दोन्ही र. असा एकही शब्द निघेना. तिनं युनिकोडच्या हिशेबानं नऊ मोजले होते. आणि इथं, मंडळी, तीस वर्षांच्या सरकारी नोकरीचं सार्थक झालं. मी म्हटलं, “अगं, त्या फाँटवाल्यांनी रीत आमच्या टंकयंत्राची उचलली असणार. अर्ध्या त ला एकच खुंटी. पाय मोडायची खूण वेगळी नाही. आठ खुणा धर. आणि पहिली वेलांटी ग च्या आधी मारतात.”

“आधी कशी? उच्चारात तर नंतर येते.”

“उच्चारात येते नंतर, पण दिसते आधी. यंत्राला कान नसतो.”

आठ खुणांचा, पहिली आणि सातवी सारखी असलेला शब्द चारशेच्या वर ठिकाणी सापडला. र मिळाला, त मिळाला, न, काना, ग, दोन्ही वेलांट्या मिळाल्या. मग ‘जन्म’. मग ‘पत्नी’, ‘कन्या’, ‘चैत्र’, ‘वैशाख’. एकेक अक्षर सापडेल तशी नात कागदावर मांडत होती आणि मी ओरडत होतो. आमची ही स्वयंपाकघरातून दोनदा बाहेर येऊन, कुणाला काही झालं का, पाहून गेली. रात्री अकराला नातीनं एक छोटी आज्ञावली लिहिली, वेलांट्या उचलून व्यंजनांच्या मागं नेऊन ठेवल्या, आणि पडद्यावर दादाचं मराठी सरळ चालत आलं. त्याची लांबलचक वाक्यं. त्याचा प्रत्येक ठिकाणी ‘परंतु’. मी चष्मा पुसला.

एक खूण मात्र अखेरपर्यंत जुळेना. इंग्रजी प्रश्नचिन्ह. सबंध फाइलीत ती सहाच ठिकाणी होती आणि सहाही ठिकाणी नेमकी बाईच्या नावाच्या जागी. ‘कन्या ?, विवाहानंतर नाव ठाऊक.’ ‘धाकटी बहीण ?, अल्पवयात वैधव्य.’ नात दोन दिवस डोकं खाजवत होती. टक्क्याच्या पाटीमागं अर्धा त निघाला होता, तसं ह्या पाटीमागं कुठलं जोडाक्षर असेल? श्री? कृ? एका अक्षराचं नाव सहा बायकांना कसं?

शेवटी आम्ही वहिनींकडं गेलो. वहिनी आता चौऱ्याऐंशीच्या. दादा टाइप करायचा तेव्हा शेजारी बसून वहीतला मजकूर त्याच वाचून दाखवत. नातीनं लॅपटॉप त्यांच्यापुढं धरला आणि विचारलं, “आजी, ही खूण कुठल्या अक्षराची?”

वहिनींनी बघितलं आणि म्हणाल्या, “अगो, ते प्रश्नचिन्ह आहे.”

“ते दिसतंय, पण त्याच्या जागी खरं कुठलं अक्षर होतं?”

“खरं प्रश्नचिन्हच. ह्यांना नावं मिळालीच नाहीत त्यांची. सहा जणींची. फार हिंडले. म्हणाले, रिकामी जागा सोडली तर पुढचे लोक ती मिटवून टाकतील. प्रश्न लिहून ठेवतो, म्हणजे कुणीतरी विचारील.”

आम्ही दोघंही काही बोललो नाही. वीसएक वर्षांनी आम्ही विचारत होतो.

मग मी ट्रंकेच्या तळाचे ते मोडी कागद घेतले आणि मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडं गेलो. त्यांनी भिंग लावून सगळे चाळले. बहुतेक शेताचे, घेण्यादेण्याचे. एका कागदावर मात्र ते थांबले. पणजोबांच्या धाकट्या बहिणीला पोटगीदाखल दोन खंडी भात तोडून दिल्याचा तो लेख होता आणि त्यात तिचं नाव सरळ लिहिलं होतं : ‘सत्यभामा कोम’, आणि पुढं तिच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव. सव्वाशे वर्षं ते आमच्या माळ्यावर, आमच्या डोक्यावर होतं. दादा चिपळूणपर्यंत हिंडून आला आणि ते त्याच्या फ्लॉपीच्या खाली सहा इंचांवर पडलेलं होतं.

नातीनं एक प्रश्नचिन्ह खोडून तिथं ‘सत्यभामा’ लिहिलं. पाच राहिली. ती मी तशीच ठेवायला सांगितली आहेत. युनिकोडच्या सातबाऱ्यात प्रश्नचिन्हालाही जागा आहे, नंबर ६३. तेव्हा त्यांना तिथून कुणी उठवणार नाही.

ह्या प्रकरणातून धडा घेऊन मी एक कागद तयार केला आहे. त्यावर कुठल्या फाइलीत मजकूर कसा भरला आहे, दादाच्या फाँटची कुठली खूण म्हणजे कुठलं अक्षर, हे सगळं पेननं, ठळक बाळबोधीत लिहिलं आहे. तो वहिनींना मोठ्या अभिमानानं दाखवला.

त्यांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि विचारलं, “छान आहे, भावोजी. आता हा कुठं ठेवणार?”

मी म्हटलं, “ट्रंकेत.”

“आणि ट्रंकेची किल्ली?”

ती मी कालपासून शोधतो आहे.